धुरपदाआत्याची धाव

“पोरं घसरत्यात म्हणून गावची डेरी अडवून धरायची व्हय, अक्का? उद्या लोक माझ्या तोंडात शेण घालतील.”

“घालू दे की. शेणाचं तुला काय नवल! ल्हानपणी तुझं सगळं म्याच धुतलंय.”

“हसण्यावारी नेऊ नका तुम्ही. सकाळधरनं घसा कोरडा करायलोय मी.”

“मग पाणी पी. गिरजे, ह्याला तांब्या दे गं.”

वडील एरवी धुरपदाआत्याला ‘तू’ म्हणायचे. भांडण चढलं की ‘तुम्ही’वर यायचे. त्यावरून आम्हाला घरातला पारा कळायचा. आत्या ओसरीच्या खांबाला टेकून शेंगा फोडत होती. उंबऱ्याच्या आत आई ताक घुसळत होती. रवीचा आवाज थांबला नाही, म्हणजे तांब्या येणार नव्हता.

“गिरजे, तू तरी सांग ह्यांना,” वडील आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले.

“मला कशाला विचारता? डेरी तुमची, धाव वन्संची. माझ्या वाट्याला ताक.”

“धाव माझी कुठली?” आत्यानं एक शेंग दातानं फोडली. “सात-बाऱ्यावर नाव न्हाय माझं. जिमीन तुझी, विहीर तुझी. म्या एवढंच म्हणते, मोडू नको. त्या पोरांना दुसरी जागा न्हाय.”

“अन् डेरीला हाय व्हय? रस्त्याला लागून तेवढीच जागा हाय. दुधाची गाडी काय माळावर चढंल?”

“चढंल की. गाडीला चार चाकं असत्यात. सरुबाईच्या पोरीला, अयोध्येला, एक बी पाय न्हाय.”

वडील उठून पायताण घालून बाहेर पडले. ते वर्ष एक्क्याऐंशी. गावात दूध सोसायटी निघत होती आणि तात्याराव, म्हणजे आमचे वडील, तिचे चेअरमन व्हायचे होते. आमचं गाव बेंबळीच्या पुढं, काळ्या जमिनीचं आणि कोरड्या ओढ्यांचं. आमच्या गावात कुणी कशाचं चेअरमन होण्याची ती पहिलीच वेळ होती. वडिलांनी त्यासाठी पांढरी टोपी नवी शिवून घेतली होती.

मोट आता कुणी पाहिलेली नाही, म्हणून धाव म्हणजे काय ते सांगावं लागतं. विहिरीच्या काठापासून शेताकडं उतरत गेलेला मातीचा लांब उतार, ती धाव. मोटेचे बैल धावेवरून खाली चालत जायचे, तशी चामड्याची मोट भरून वर यायची आणि काठावरच्या दगडी थारोळ्यात पाणी ओतायची. मग बैलांनी वळायचं नाही. तोंड शेताकडंच ठेवून, मागल्या पायांनी चाचपत, उलटं वर यायचं. दिवसभर सुलटं खाली, उलटं वर. आमच्या विहिरीवर हे बैल हाकले ते एका बाईनं.

आत्याला अणदूरला दिली होती. नवरा हिवतापानं गेला आणि ती सतराव्या वर्षी परत आली. तेव्हा वडील सहा वर्षांचे. आजोबांच्या कमरेत काही तरी मोडलं होतं, ते खाली बसले की उठत नसत. मोटकरी ठेवायची ऐपत नव्हती. आत्यानं लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि आसूड हातात घेतला.

“बाईनं मोट हाकली की विहीर आटती,” असं गावात बोललं गेलं. विहीर वीस वर्षं आटली नाही. बहात्तरला आटली, तेव्हा काही जणांना बोलायला तोंड मिळालं. आत्या त्यांना विचारायची, “मग तुमच्या बापयांच्या विहिरी का रं आटल्या? त्यात बी म्याच उतरले व्हते का?”

मोटेवर पुरुष गाणी म्हणायचे. आत्या म्हणायची नाही. “बाई मोट हाकती ह्येच लोकास्नी जड जातंय. वर गाणं कशाला?” पण नाड्यावर बसायची मात्र ती पुरुषांसारखीच. बैल खाली निघाले की मोटकरी त्या जाड दोराच्या ताणावर बसून आपलं वजन टाकतो. आत्या एका बाजूनं बसायची, पाय जुळवून, जशी काही झोपाळ्यावर बसली आहे. मी फार लहान होते, पण त्या दोराचा करकर आवाज, ओल्या चामड्याचा वास आणि थारोळ्यात पाणी कोसळताना अंगावर येणारा गार शिंतोडा मला आठवतो. किंवा इतक्यांदा ऐकलंय की आठवतो असं वाटतं.

बहात्तरच्या दुष्काळात हौशा बैल छावणीत मेला. मोग्या विकला. आत्या आणि आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेल्या, परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खाल्ल्या. दुष्काळ सरला, विहिरीला पाणी आलं, पण मोट काही परत आली नाही. विजेची मोटर बसली. कळ दाबली की पाणी. आत्या पहिल्या दिवशी मोटरीपुढं उभी राहून म्हणाली, “लई ओरडती. बैल एवढं ओरडला असता तर विकला असता.” आणि मग ती रिकामी झाली. वय चाळीस. घरात तिला काही करायची सवय नव्हती आणि आईला तिची घरात सवय नव्हती. तिनं चुलीशी बसावं तर भाकरी जाड, झाडायला घ्यावं तर कोपरे तसेच. “बापय माणूस घरात बसल्यागत वाटतं,” असं आई शेजारणीला सांगताना मी ऐकलं आहे.

सरुबाई आमच्याकडं शेंगा फोडायला, धान्य निवडायला यायची. ती बौद्धवाड्यातली. तिच्या कडेवर अयोध्या असायची. दीड वर्षाची असताना ताप आला आणि दोन्ही पाय वाळक्या वेलासारखे झाले. सरुबाई आली की आई अंगणाचा कोपरा दाखवायची, “तिथं ठिव तिला.” अयोध्या तिथं संध्याकाळपर्यंत बसलेली असायची. आई तिच्या ओटीत वरून मूठभर शेंगा टाकायची, ओंजळीत वरून पाणी ओतायची. आईचा जीव वाईट नव्हता. तिला ह्यापेक्षा वेगळी रीत माहीत नव्हती. सावली सरकली की अयोध्या तळव्यांवर जोर देऊन, मागं मागं सरकत सावलीत जायची. तोंड उन्हाकडं, पाठ सावलीकडं.

हे सरकणं आत्यानं एक दिवस पाहिलं. ती कितीतरी वेळ बघत उभी राहिली.

“सरे, ही पोरगी उलटी जाती गं.”

“व्हय अक्का. म्होरं जाता येत न्हाय तिला. पाय ओढत न्हाईत, ढकलायला हात हाईत.”

“ह्या पोरीला बसवून ठिवल्यानं काय पिकणार?” आत्या म्हणाली आणि तिनं अयोध्येला उचलून कडेवर घेतलं. आईच्या हातातलं सूप थांबलं. आत्या अयोध्येला घेऊन विहिरीकडं गेली.

धावेवर गावची पोरं आधीपासूनच घसरायची. आत्यानं अयोध्येसाठी ती नीट करायला घेतली. नीट करणं म्हणजे बाईमाणसाला जे माहीत, ते. तिनं दोन दिवस पांढरी माती वाहिली, शेण कालवलं आणि सगळी धाव वरपासून खालपर्यंत सारवली. पोरीच्या मांड्या खरचटू नयेत म्हणून. जन्मात घरातली भुई तिनं इतकी छान सारवली नव्हती. आई परसातून म्हणाली, “पाव्हणे येणार असतील धावंला.”

धाव आरशासारखी झाली. पोरं सूं सूं खाली जायची. अयोध्याही गेली, ओरडत, हसत, पार करंजाच्या झाडापर्यंत. आणि तिथंच बसली. वर येईना. हात टेकला की हात घसरे. आत्या खाली जायची, तिला उचलून वर आणून ठेवायची. ती खाली जायची. आत्या पुन्हा आणायची. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी सरुबाई एकटीच आली.

“पोरगी कुठं हाय?” आत्यानं विचारलं.

“येत न्हाय म्हणती.”

“का? खरचटलं का काय?”

सरुबाईनं जरा मान खाली घातली. “म्हणती, घरी बी मला ठिवत्यात, तिथं बी ठिवत्यात. मग घरीच बरं.”

त्या दिवशी आत्या दुपारची भाकरी घेऊन धावेवर गेली आणि ती भाकरी तिनं खाल्लीच नाही. मी तिला बोलवायला गेले तर ती धावेच्या मध्यावर उलटी उभी होती, शेताकडं तोंड करून, आणि एकेक पाऊल मागं टाकत वर चढत होती. डोळे मिटलेले. जवळपास वीस वर्षं ती बैलांच्या बरोबरीनं अशी मागं चालली होती. एका जागी थांबली, टाच घासली, वाकली आणि खुरप्यानं सारवण खरवडलं. खाली एक खळगा निघाला. वाटीएवढा. पुढं दीड हातावर दुसरा.

“हौशाचं खूर,” ती म्हणाली. “मागला डावा. ह्यो नेमका इथंच पाय रोवायचा. न्हाय तर भरल्या मोटंसंगं घसरत गेला असता इहिरीत.” मग कपाळावर हात मारला. “सगळं बुजवून टाकलं गं म्या. बायकी शहाणपण!”

संध्याकाळपर्यंत तिनं सगळे खळगे उकरले. दोन रांगा, एक हौशाची, एक मोग्याची. मोग्याचे खळगे जवळ जवळ होते, तो आखूड पावलं टाकायचा. आत्यानं ते आणखी खोल केले, कडा दाबून गुळगुळीत केल्या. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः जाऊन अयोध्येला आणलं, पायथ्याशी बसवलं, आणि म्हणाली, “म्या उचलणार न्हाय. बैल कसा येतो? उलटा. हात मागं टाक, खळगा घाव, जोर दे.”

अयोध्या मोग्याच्या रांगेनं वर गेली. पहिल्या दिवशी अर्ध्यापर्यंत. चौथ्या दिवशी पूर्ण. वर पोचली तेव्हा तिचे तळहात लाल झाले होते. ती गावाकडं बघत म्हणाली, “इथनं आमचं घर दिसतंय.”

मग आत्यानं नियम काढला. धावेवर सरळ तोंडानं कुणी चढायचं नाही. ज्याला वर यायचं त्यानं बैलासारखं उलटं यायचं, बसून. पाय असू देत नाहीतर नसू देत. आम्हा धडधाकट पोरांची पहिले आठ दिवस फजिती झाली. आमचे पाय मध्ये यायचे. अयोध्या आमच्या आधी वर पोचून वरून आम्हाला चिडवायची, “बैल हाईत का म्हशी?”

पार्वतम्माचा नातू गुंडाप्पा देवीत डोळे गेलेला. तो आवाजाच्या मागं मागं धावेपर्यंत यायचा आणि खाली उभा राहून हसायचा, सगळे हसतायत म्हणून. आत्यानं माळ्यावरचा जुना नाडा काढला आणि करंजापासून विहिरीवरच्या खांबापर्यंत, बसल्यावर हाताला लागेल एवढ्या उंचीवर ताणून बांधला. दोराला गाठी मारल्या. एक गाठ लागली की चढ सुरू. दोन गाठी लागल्या की वर पोचलास, आता थांब. गुंडाप्पा एका हातानं दोर धरून बसून चढायचा, आणि उतरताना तर आमच्यापेक्षा वेगानं, कारण त्याला भीती वाटावी असं समोर काही दिसतच नव्हतं.

एक दिवस तिनं मोटच फाडली. चामड्याचे चार तुकडे केले, घसरताना बुडाखाली घ्यायला. आई कपाळाला हात लावून म्हणाली, “मामंजींची मोट होती वन्सं.” आत्या म्हणाली, “आता नातवंडांची हाय.”

विहिरीच्या बाजूनं छातीएवढी दगडी भिंत रचली ती मात्र वडिलांनी. हेही सांगायला पाहिजे. “एखादं पोर आत गेलं तर मला फासावर जावं लागंल,” म्हणत, शिव्या घालत, आठ दिवस खपून त्यांनी ती रचली. प्यायच्या पाण्यासाठी आत्यानं करंजाखाली घागर ठेवली. एकच घागर, एकच पेला, सगळ्या पोरांना. त्यावर गावात कुजबूज झाली, घरात आईची झाली. “निदान पेला तरी येगळा ठिवा.” आत्यानं ऐकलं आणि पेलाच काढून टाकला. मग सगळेच ओंजळीनं प्यायला लागले. पाणी ओतायचं काम पाळीपाळीनं, आणि अयोध्येची पाळी आली की तीही घागर कलती करून ओतायची. वरून नाही, खालून. बसूनच ओतायची ना. प्यायला सगळ्यांना वाकावं लागायचं.

आता धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, बागांतून लोखंडी घसरगुंड्या असतात. लाल-पिवळ्या रंगाच्या, चढायला शिडी. मी नातवाला घेऊन जाते. शिडी चढता येत नाही असं एखादं पोर आईच्या हाताला धरून खाली उभं असतं आणि आई त्याला सांगत असते, बघ, कशी मज्जा करतायत. मला त्या बागेत फार वेळ बसवत नाही.

तर एक्क्याऐंशीच्या त्या दिवशी सकाळी ते भांडण झालं आणि दुपारी तालुक्याहून डेरीचे सुपरवायझर मोटारसायकलवर जागा बघायला आले. वडील नवी टोपी घालून त्यांच्या पुढं. शाळा सुटली होती, धावेवर दहा-बारा पोरं होती. करंजाखाली आत्या बसलेली.

“हा भराव सपाट करावा लागेल,” सुपरवायझर म्हणाले. त्यांनी रस्त्यापासून पावलं टाकून अंतर मोजलं. “जागा चांगली आहे. गाडी लागेल. दुसरी कुठली आहे का बघायला?”

“घरापुढं एक हाय, गोठ्याला लागून. गाडी तिथवर येती, पण घरातनंच नको म्हणतात,” वडील म्हणाले. “पहाटे चारला सगळ्या गावाचे हंडे दारात. बायकांना तरास.”

आई चहाची किटली आणि कपबश्या घेऊन येत होती, तिनं ते ऐकलं. नको म्हणणारी तीच होती.

“पोरांनो, उतरा खाली. साहेबांना बघू द्या,” वडिलांनी हाक दिली. पोरं उतरली. गुंडाप्पा दोर धरून बाजूला झाला. अयोध्या मात्र धावेच्या मध्यावर होती, अर्धी वाट चढलेली. तिला खाली यायचं तर घसरत यावं लागणार आणि समोर नेमके साहेब उभे. ती क्षणभर थांबली आणि वरच निघाली.

“अगं, घे गं तिला उचलून,” वडील आईला म्हणाले.

आईनं किटली दगडावर ठेवली, पदर खोचला, धावेच्या कडेनं चढली आणि वाकून दोन्ही हात अयोध्येच्या काखेत घालायला गेली. कोपऱ्यात बसवताना, कोपऱ्यातून उचलून सरुबाईच्या हवाली करताना तिनं हे शेकडो वेळा केलं होतं.

“ठिवू नका वैनी,” अयोध्या म्हणाली. “मी यायलेय की.”

आईचे हात हवेतच राहिले. अयोध्येनं मागं हात टाकला, खळगा चाचपला, जोर दिला. अंग वीतभर वर गेलं. पुन्हा हात. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती कुणाकडं बघत नव्हती, जशी भाकरी थापताना बाई कुणाकडं बघत नाही. सहा-सात खळगे उरले होते. सुपरवायझरांनी घड्याळात पाहिलं. वडील टोपी काढून पुन्हा घालत होते. चहा निवत होता. आई तिच्या बरोबरीनं, वाकलेलीच, एकेक पाऊल वर चढत गेली, हात पुढं धरून, पण न लावता.

वर पोचल्यावर अयोध्येनं श्वास घेतला, खाली बघितलं आणि ओरडली, “साहेब, सरका!”

साहेबांनी उडी मारली. चामड्याच्या तुकड्यावर बसून ती सूं करत त्यांच्या जागेवरून गेली आणि करंजाशी थांबली. पोरं हसली. साहेबही हसले, पँट झटकली. थंड चहा पिऊन म्हणाले, “बरं तात्याराव. पुढच्या आठवड्यात ट्रॅक्टर लावून सपाट करून घ्या, म्हणजे मी प्रस्ताव पाठवतो. नाहीतर शेजारचं गाव तयारच आहे.” त्यात त्यांचं काही चुकलं नाही. त्यांना जागा हवी होती.

मोटारसायकल गेली. आत्या उठली, वडिलांजवळ आली. मला वाटलं आता पुन्हा जुंपणार. पण ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, “ट्रॅक्टर कवा येणार तेवढं आदल्या दिवशी सांग. पोरांना म्या सांगते. त्यांनी येऊन बघाया नको.”

तिनं हरणं असं सरळ स्वीकारलेलं मी आधी पाहिलं नव्हतं. वडिलांनीही पाहिलं नसावं.  ते तसेच श्रीपतीकडं, ट्रॅक्टरवाल्याकडं, निघून गेले.

घरी आल्यावर आईनं कपबश्या घासल्या. एक बशी दोनदा घासली. सरुबाई अंगणात शेंगांची रास आवरत होती, अयोध्येला घेऊन जायला थांबली होती.

“सरे,” आई म्हणाली, “ही पोर माझ्याकडं किती वर्सं बसत व्हती कोपऱ्यात?”

“चार वर्सं झाली असत्याल वैनी. का वो?”

“मला वाटायचं, तिला बसायला आवडतं.”

सरुबाई हसली. वाईट नाही, आणि फार चांगलंही नाही. “तुमी कवा इचारलं व्हतं?”

आई आत गेली. तांब्या भरून आणला, खाली बसली आणि अयोध्येच्या हातात दिला. अयोध्येनं आधी आईकडं पाहिलं, तांब्याकडं पाहिलं, आणि तोंड लावून पाणी प्याली. मग आई बादली घेऊन गोठ्यात गेली. आमच्या दोन म्हशी. दोन्ही मिळून सकाळ-संध्याकाळ चौदा लिटर द्यायच्या, साऱ्या गावात सगळ्यांत जास्त. त्यांची वैरण, पाणी, शेण, धारा सगळं आईच्या हातचं. दुसरं कुणी धारेला बसलं तर त्या दूध चोरायच्या.

दिवेलागणीला वडील परत आले. पाय धुतले, ओसरीवर बसले, आणि समोर कुणीच बघत नसल्यानं खांबाला सांगितल्यासारखं म्हणाले, “श्रीपती सोमवारी येतो म्हणालाय ट्रॅक्टर घेऊन.”

आत्या जात्याजवळ ज्वारी पाखडत होती. तिनं मान हलवली. “बरं.”

“माझा काय नाइलाज हाय, अक्का. डेरी दुसऱ्या गावाला गेली तर लोक मला जन्मभर बोलतील.”

“म्या कुठं काय म्हणले? जेव आता.”

आई धारा काढून आली. दोन्ही हातात भरलेल्या बादल्या होत्या, फेस काठाला आलेला. ती आत गेली नाही. बादल्या ओसरीच्या कडेला ठेवल्या, पदरानं हात पुसले, आणि उभ्या उभ्याच म्हणाली,

“डेरी आपल्या घरापुढं भरंल, गोठ्याला लागून. पहाटे चारला उठून अंगण मी झाडंन. सोमवारी श्रीपतीला तिथली जागा सपाट करायला लावा. धावंला हात लावायचा न्हाय. लावला, तर ह्या म्हशींचं थेंबभर दूध तुमच्या डेरीला जाणार न्हाय. ताटं घेते, हात धुवा.”